शिपायाची बडतर्फी आणि कामगार न्यायालयाचे दार

व्याख्यान संपले, आभार मानून झाले, की श्रोत्यांपैकी दोनचार मंडळी व्यासपीठाच्या पायरीशी रेंगाळतात. भरसभेत विचारायला संकोच वाटतो असे प्रश्न तेथे निघतात आणि पुष्कळदा खरे प्रश्न तेच असतात. काही वर्षांपूर्वी एका गावच्या वसंत व्याख्यानमालेत कामगार कायद्यांवर बोलून आम्ही खाली उतरलो, तेव्हा असेच एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत कागदांचे पुडके. ते म्हणाले, "साहेब, आमच्या भाच्याला पलटणीतून कमी केलं. वकिलाच्या कारकुनानं सांगितलं, कामगार कोर्टात अर्ज टाका. टाकला. आठ महिन्यांनी उत्तर आलं, हे कोर्ट तुमचं नव्हे. मग नोकरी गेल्यावर माणसानं जायचं तरी कुठं?"

कारकुनाचे चुकले, हे खरे. परंतु त्याच्या चुकीमागे एक साधा तर्क होता. नोकरी गेली, नोकरीची भांडणे कामगार न्यायालयात जातात, म्हणून हेही तेथेच गेले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळजण असाच विचार करतील. या तर्कात नेमके कोठे बिघडते ते पाहण्यासाठी हा लेख आहे. आणि हा प्रश्न केवळ विद्वानांच्या काथ्याकुटाचा नव्हे. त्या आठ महिन्यांत खऱ्या दारावरची अर्ज करण्याची मुदत टळून गेली होती. चुकीच्या दारात उभे राहिलेल्या माणसासाठी बरोबर दारावरचे घड्याळ थांबत नाही.

प्रथम कामगार न्यायालय म्हणजे काय ते पाहू. दिवाणी न्यायालयाचे दार सामान्यतः सर्व प्रकारच्या दाव्यांना मोकळे असते. कायद्याने जे दावे वर्ज्य केले तेवढेच तेथे चालत नाहीत. कामगार न्यायालयाची गोष्ट याच्या उलट. कायद्याने जेवढे त्याच्या ओटीत घातले तेवढेच त्याचे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने कामगार न्यायालयांची सोय झाली. १९६५ साली त्यात २-अ हे कलम आले. तोवर एकट्यादुकट्याची बडतर्फी हा 'औद्योगिक विवाद' होण्यास संघटनेने किंवा पुष्कळ कामगारांनी ते भांडण आपले म्हणावे लागे. या कलमाने एकट्या माणसाच्या बडतर्फीलाही विवादाचा दर्जा मिळाला. १९७१ साली ११-अ हे कलम आले आणि न्यायालयाला फार मोठे सामर्थ्य लाभले. चौकशीतला पुरावा स्वतः तोलून पाहायचा, आणि अपराध घडला असला तरी शिक्षा अवाजवी वाटल्यास ती कमी करून माणसाला पुन्हा कामावर घ्यावयास सांगायचे, असा हा अधिकार. बडतर्फ झालेल्या माणसाला कामगार न्यायालय हवेसे वाटते ते यासाठी.

येथे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १९४७ चा कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेत कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायाधिकरण अशा दोन पायऱ्या नाहीत. दोन सदस्यांचे औद्योगिक न्यायाधिकरण हीच एक पायरी आहे. तथापि लोकांच्या तोंडी 'कामगार कोर्ट' हेच नाव आहे आणि ते लवकर जाईल असे दिसत नाही. म्हणून आम्हीही सोयीसाठी तोच शब्द वापरीत आहो. प्रस्तुत प्रश्नाच्या बाबतीत जुन्या कायद्याचे आणि नव्या संहितेचे उत्तर एकच आहे.

या दारातून आत जायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. जेथे काम केले ती जागा कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' असली पाहिजे, आणि ज्याची नोकरी गेली तो कायद्याच्या अर्थाने 'कामगार' असला पाहिजे. शिपायाचे पाऊल अडते ते मुख्यतः या दुसऱ्या अटीवर. घाम गाळणे, पगार घेणे, वरिष्ठांच्या हुकमाने राबणे या व्यवहारातल्या खुणा लावल्या तर शिपाई कामगारच ठरेल. परंतु कायद्यातील शब्दाचा अर्थ कायद्याने दिलेल्या व्याख्येप्रमाणेच घ्यावा लागतो. आणि त्या व्याख्येने शिपायाला स्पष्ट शब्दांत वगळले आहे.

या वगळण्याच्या शब्दांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९४७ च्या मूळ व्याख्येत सरकारच्या नाविक, लष्करी किंवा हवाई सेवेत नोकरीस असलेला माणूस वगळलेला होता. १९५६ च्या दुरुस्तीने हे शब्द बदलले. लष्करी सेवेत नोकरीस असणारा याऐवजी लष्करी कायद्याच्या अमलाखाली असणारा माणूस वगळावा, असे ठरले. आजच्या संहितेतही १९५० चा भूसेना कायदा, १९५० चा हवाईदल कायदा आणि १९५७ चा नौदल कायदा ज्यांना लागू आहे त्यांना 'कामगार' या व्याख्येबाहेर ठेवले आहे. दोन शब्दप्रयोगांत वरवर पाहता फारसे अंतर दिसत नाही. वास्तविक ते फार मोठे आहे. पहिल्या शब्दांत लष्करी सेवेतला कारकून किंवा सुतारही बाहेर राहण्याचा संभव होता. दुसऱ्या शब्दांनी रेघ सरकली. आता माणूस कोठे काम करतो, कोणाच्या फाटकातून आत जातो, हे विचारायचे नाही. तो कोणत्या कायद्याच्या अमलाखाली आहे, हे विचारायचे. या लेखात वाचकाने एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ती ही.

शिपायाला असे वगळावे का, हा पुढचा प्रश्न. संविधानाच्या ३३ व्या कलमाने संसदेला असा अधिकार दिला आहे की सैन्यातील माणसांचे मूलभूत हक्क त्यांच्या कर्तव्यपालनासाठी आणि शिस्तीसाठी मर्यादित करावेत. त्यानुसार भूसेना कायद्याच्या २१ व्या कलमाखाली केंद्र सरकारला शिपायाच्या संघटनेच्या, सभेच्या आणि वृत्तपत्रांकडे जाण्याच्या हक्कांवर बंधने घालता येतात. कामगार कायद्याची सारी इमारत मालक आणि कामगार या दोन पक्षांच्या वाटाघाटींवर उभी आहे. वाटाघाट फसली तर संप, संप टाळायचा तर समेट, समेट न झाला तर न्यायालय, अशी ती साखळी आहे. सैन्यात ही साखळी पहिल्याच कडीशी तुटते. चौकी सोडून संपावर गेलेले सैन्य ही कल्पनाच कोणाला सहन होणार नाही.

याला आणखी एक बाजू आहे. संविधानाच्या ३१० व्या कलमाप्रमाणे संरक्षणसेवेतील माणूस राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत आपल्या जागेवर असतो. मुलकी नोकरांच्या बाबतीतही हे तत्त्व आहे. परंतु त्यांना लागलीच पुढच्या, ३११ व्या कलमाची ढाल मिळते आणि चौकशीवाचून त्यांना बडतर्फ करता येत नाही. ही ढाल शिपायाला नाही. ते कलम मुलकी पदांपुरतेच बोलते.

तेव्हा हवालदारांच्या प्रश्नाचा पहिला भाग निकालात निघाला. पलटणीतल्या शिपायाची बडतर्फी कामगार न्यायालय ऐकू शकत नाही. अर्ज कितीही चांगला लिहिला, अन्याय कितीही उघड असला, तरी न्यायाधीशाला त्यात हात घालता येत नाही. उलट पक्षाने हरकत घेतली नाही तरीही हा अधिकार निर्माण होत नाही, कारण पक्षकारांच्या संमतीने न्यायालयाला नसलेला अधिकार मिळत नसतो.

मग शिपायाला दादच नाही काय? आहे; परंतु ती समजण्यासाठी शिपाई नोकरीतून कोणकोणत्या वाटांनी जातो ते पाहिले पाहिजे. पहिली वाट कोर्ट मार्शलची. अपराधाबद्दल लष्करी न्यायालयापुढे खटला होतो आणि इतर शिक्षांबरोबर बडतर्फीची शिक्षाही होऊ शकते. दुसरी वाट भूसेना कायद्याच्या २० व्या कलमाची. येथे खटला नसतो. सेनाध्यक्ष किंवा कायद्याने नेमलेले अधिकारी हुकमाने बडतर्फ करतात. १९५४ च्या भूसेना नियमांतील १७ व्या नियमाप्रमाणे त्याआधी सामान्यतः आरोपाचा तपशील कळवून लेखी म्हणणे मांडण्यास वाजवी वेळ द्यावा लागतो. तिसरी वाट त्याच नियमांतील १३ व्या नियमाची. या वाटेने शिपायाला सेवामुक्त करतात, म्हणजे 'डिस्चार्ज' देतात. हा शब्द सौम्य वाटला तरी घरच्या चुलीवर होणारा परिणाम पुष्कळदा तोच असतो.

या तिसऱ्या वाटेवरचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. शिपायाच्या नोंदवहीत काही शिक्षांची नोंद लाल शाईने होते. अशा चार लाल नोंदी झाल्या की त्याला नको असलेला शिपाई म्हणून सेवामुक्त करण्याची वहिवाट होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की चार नोंदी भरल्या एवढ्याने नोकरी आपोआप जात नाही. प्राथमिक चौकशी झाली पाहिजे. नोकरीची वर्षे, अपराधांचे स्वरूप, कठीण प्रदेशातील कामगिरी यांचा विचार झाला पाहिजे. सैन्यातही 'मर्जी' म्हणजे लहर नव्हे, हे यावरून दिसते.

परंतु हे सांगायला न्यायालय गाठावे लागते, आणि तेथपर्यंत जाण्याची शिपायाची वाट फार काळ अरुंद होती. संविधानाच्या १३६ व्या आणि २२७ व्या कलमांनी सर्वोच्च न्यायालयाचे विशेष अपील व उच्च न्यायालयाची देखरेख लष्करी न्यायालयांपर्यंत पोचू दिलेली नाही. उरला तो रिट अर्ज. रिट अर्जात उच्च न्यायालय कायद्याचे उल्लंघन झाले काय एवढे मुख्यतः पाहते; पुरावा पुन्हा तोलीत नाही. १९८२ साली लेफ्टनंट कर्नल बेदी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती देसाई यांनी ही उणीव स्पष्टपणे दाखविली. पुरावा, कायदा आणि शिक्षेचे प्रमाण या तिन्हींचा फेरविचार करील असे एकही अपील शिपायाला नसावे, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला.

त्या उणिवेचा अर्थ काय होता ते १९८७ च्या एका निकालावरून कळते. सिग्नल पलटणीतील एका जवानाने आपल्या अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार धाडली. मधली पायरी ओलांडली म्हणून त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगीत असताना जेवण्याचा हुकूम देऊनही तो जेवला नाही, असा नवा आरोप आला. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल भरले. त्यात एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी अशी शिक्षा झाली, आणि वर पुढे कोणत्याही मुलकी नोकरीस तो अपात्र ठरला. खटला चालविणारा अधिकारी तोच होता ज्याच्याविरुद्ध मूळ तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने हा सारा खटला रद्द केला. न्यायाधीश पक्षपाती असता कामा नये आणि शिक्षा अपराधाच्या मानाने अशी असू नये की जी पाहून विवेकाला धक्का बसावा, हे तत्त्व सांगून जवानाला त्याच्या सर्व हक्कांसह परत घेण्याचा हुकूम दिला. निकाल न्याय्य झाला. परंतु त्यासाठी एका साध्या जवानाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. असे किती जण जाऊ शकतील?

या साऱ्याचा परिपाक म्हणजे २००७ चा सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा. हे न्यायाधिकरण ८ ऑगस्ट २००९ रोजी सुरू झाले. मुख्य पीठ दिल्लीस आहे आणि प्रादेशिक पीठांपैकी एक मुंबईस आहे. प्रत्येक खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य असतो. म्हणजे कायदा जाणणारा आणि फौज जाणणारा असे दोघे एकत्र बसतात. नोकरीविषयक तक्रारी आणि कोर्ट मार्शलवरची अपिले ही दोन्ही येथे चालतात. कोर्ट मार्शलने दिलेली शिक्षा अवाजवी वाटली तर ती कमी करण्याचा अधिकारही या न्यायाधिकरणास आहे. कारखान्यातील कामगाराला १९७१ साली ११-अ कलमाने जे मिळाले, त्याच्या जवळपासचे काही शिपायाच्या पदरात पडायला आणखी ३६ वर्षे गेली.

या दारालाही उंबरठा आहे. आधी सैन्यातल्या सैन्यात दाद मागावी लागते. भूसेना कायद्याच्या २६ व्या व २७ व्या कलमांत तक्रारीची सोय आहे, आणि कोर्ट मार्शलच्या निकालावर १६४ व्या कलमाखाली वरिष्ठांकडे अर्ज करता येतो. नोकरीविषयक तक्रारीत अंतिम हुकूम झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे जायचे असते. वरिष्ठांनी अर्जावर ६ महिने काहीच निर्णय दिला नाही, तर ते ६ महिने संपल्यापासून पुढच्या ६ महिन्यांत जाता येते. काही बाबी न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. बदली आणि नेमणूक, रजा, तसेच राष्ट्रपतींच्या मर्जीच्या कलमाखाली काढलेले हुकूम येथे चालत नाहीत. समरी कोर्ट मार्शलच्या शिक्षेविरुद्ध येथे येता येते, पण ती शिक्षा बडतर्फीची किंवा ३ महिन्यांहून अधिक कैदेची असेल तरच.

न्यायाधिकरणाच्या निकालानंतर पुढे काय, यावरही मोठा वाद झाला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अशा प्रकरणांत उच्च न्यायालयाचे दार जवळजवळ लावून घेतले होते. परंतु २०२३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते पुन्हा उघडले आणि २२६ व्या कलमाखालचा उच्च न्यायालयाचा अधिकार अबाधित असल्याचा निर्वाळा दिला. सातारा, कोल्हापूरकडच्या शिपायाला दिल्लीपेक्षा मुंबई जवळ. हा फरक केवळ कायद्याचा नाही, प्रवासखर्चाचाही आहे.

आता रेघेच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसांकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात हा भाग मोठा आहे. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर या छावण्यांभोवती हजारो संसार उभे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ माणसे फौजेत काम करतात पण फौजी नाहीत.

मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमधला गवंडी किंवा नळकामगार घ्या. तो मुलकी नोकर आहे. भूसेना कायदा त्याला एरवी लागू नाही. त्याच्यासाठी १९८५ च्या कायद्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. संरक्षणखात्यातील मुलकी पदे त्या कायद्यात स्पष्टपणे घेतलेली आहेत आणि गणवेशातील सैनिक स्पष्टपणे वगळलेले आहेत. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने कामगार न्यायालयांचा अधिकार राखूनही ठेवला आहे. म्हणजे असा माणूस 'कामगार' असेल आणि त्याचे खाते 'उद्योग' असेल, तर त्याच्यापुढे दोन दारे असू शकतात. एक विचित्र गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मुलकी असूनही संरक्षणाशी संबंधित पदावर असल्यामुळे ३११ व्या कलमाची ढाल यालाही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७१ साली स्पष्ट केले. त्याला आधार आहे तो १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांतील चौकशीच्या तरतुदींचा.

'उद्योग' कोणता, हा वाद १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय प्रकरणात सात न्यायमूर्तींपुढे गेला. सरकारची खरीखुरी सार्वभौम कार्ये तेवढी वगळावीत, आणि अशा खात्यातही एखादा भाग वेगळा काढता येण्याजोगा असून तो उद्योगासारखा चालत असेल तर तो उद्योग मानावा, असे तेथे ठरले. देशाचे रक्षण हे सार्वभौम कार्य, यात शंका नाही. परंतु छावणीतल्या बंगल्याची कौले बदलणे हे सार्वभौम कार्य आहे काय? वाद उभा राहतो तो अशा ठिकाणी. नव्या संहितेने सार्वभौम कार्यांशी निगडित सरकारी कामे आणि संरक्षण संशोधन ही स्पष्ट शब्दांत 'उद्योगा'बाहेर ठेवली आहेत. त्यामुळे हा वाद यापुढे अधिक बारकाईने लढवावा लागेल.

दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार हा दुसरा वर्ग. खडकी, अंबाझरी, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ ही नावे आपल्या परिचयाची आहेत. तेथे यंत्रावर उभा राहणारा माणूस शिपाई नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी हे कारखाने सरकारी खात्यातून काढून सात सरकारी कंपन्यांच्या हवाली झाले आणि त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. जुन्या कामगारांना या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर मानले गेले. त्यामुळे एखाद्याची नोकरी गेली तर तो त्या दिवशी सरकारचा नोकर होता की कंपनीचा, हे आधी कागदावरून पाहावे लागते.

तिसरा वर्ग पलटणीबरोबर राहणाऱ्यांचा : आचारी, न्हावी, शिंपी, मोची. भूसेना कायद्याच्या दुसऱ्या कलमात अशी तरतूद आहे की प्रत्यक्ष युद्धसेवेत, छावणीत, कूच करताना किंवा सरकारने जाहीर केलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर सैन्याबरोबर असलेल्या नोकरांनाही तो कायदा लागू होतो. शिवाय १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने, सिकंदराबाद आणि हैदराबाद येथील अशा कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, ते ३३ व्या कलमाच्या अर्थाने सैन्याचेच घटक आहेत असे ठरविले. तो वाद संघटना करण्याच्या हक्काचा होता, बडतर्फीचा नव्हता. तरी त्यावरून एक गोष्ट उमगते. हातात बंदूक नाही म्हणून माणूस फौजेबाहेरचा, असे मानता येत नाही.

सीमेवर रस्ते बांधणारे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचे लोक हे याचे ठळक उदाहरण. फावडे, सुरुंग आणि बुलडोझर ही त्यांची हत्यारे. पाहणाऱ्याला ते बांधकाम खात्याचे मजूरच वाटतील. परंतु १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सैन्याचा अविभाज्य भाग मानले. भूसेना कायद्याची काही कलमे सरकारी अधिसूचनेने त्यांना लागू झालेली आहेत. येथे पुन्हा आमची मूळ कसोटीच कामी येते : काम कसले ते पाहू नका, कायदा कोणता ते पाहा.

याच्या उलट टोकाला पलटणीच्या कँटीनमधला विक्रेता. तो छावणीत बसतो, गिऱ्हाइके सारी फौजी. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की अशा युनिट कँटीनचे नोकर सरकारी नोकर नव्हेत. तेव्हा सरकारी नोकरांसाठी असलेले दार त्याला नाही, आणि नुसत्या छावणीत बसण्याने तो शिपाईही होत नाही. त्याला कामगार कायद्याचाच विचार करावा लागतो आणि त्याची बाजू त्या त्या कँटीनच्या वस्तुस्थितीवर ठरते.

अलीकडे अग्निवीरांबद्दल विचारणा होते. २०२२ पासून ४ वर्षांसाठी भरती होणाऱ्या या तरुणांपैकी २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात आणि बाकीचे मुदतीअंती घरी येतात. हे तरुण सैनिकी कायद्याखालीच भरती होतात. म्हणून मुदत संपणे ही कामगार कायद्यातली नोकरकपात नव्हे, आणि मुदतीपूर्वी काढल्याची तक्रारही कामगार न्यायालयात नेता येत नाही. मात्र तोच तरुण घरी येऊन एखाद्या बँकेत वा गिरणीत पहारेकरी म्हणून लागला आणि तेथून त्याला काढले, तर कामगार न्यायालयाचे दार त्याला इतरांसारखेच मोकळे आहे. लष्करी कायद्याची सावली नोकरीबरोबर संपते. ती जन्मभर माणसाच्या मागे येत नाही.

ही रेघ जगात सगळीकडे अशीच आहे असे मात्र नाही. ब्रिटनमध्येही सैनिकाला अन्याय्य बडतर्फीचा दावा रोजगार न्यायाधिकरणात करता येत नाही. परंतु वंश, लिंग अशा कारणांनी भेदभाव झाल्याची तक्रार असेल, तर आधी सैन्यांतर्गत तक्रार करून मग त्याच न्यायाधिकरणाकडे जाता येते. म्हणजे शिस्त न मोडता काही प्रश्नांपुरते ते दार किलकिले ठेवता येते, असे तेथे मानले गेले. आपल्याकडे तसे करावे काय, याचा विचार संसदेने करावयाचा आहे. आम्ही एवढेच म्हणू की तो विचार निषिद्ध मानण्याचे कारण नाही.

आता पिशवी घेऊन आलेल्या त्या हवालदारांकडे परत येऊ. आम्ही त्यांचे कागद पायरीवरच बसून पाहिले. भाच्याला १३ व्या नियमाखाली सेवामुक्त केले होते. जाण्याची जागा सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबईचे पीठ ही होती. मुदत टळली होती. तथापि पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार त्या न्यायाधिकरणाला आहे, आणि प्रामाणिक समजुतीने चुकीच्या न्यायालयात वेळ गेला हे कारण मांडण्यासारखे असते. त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे लिहितो. बडतर्फीचा कागद हाती आला की प्रथम त्यावर कोणत्या कायद्याचे कोणते कलम वा नियम लिहिला आहे ते पाहावे. तो मिळाल्याची तारीख कागदावर टिपून ठेवावी. वरिष्ठांकडे करावयाचा अर्ज विनाविलंब करून त्याची पोच जपावी. आणि 'नोकरीचे भांडण म्हणजे कामगार कोर्ट' या सुलभ समजुतीवर एक आठवडाही घालवू नये. पुढे त्यांचे पत्र आले. उशीर माफ होऊन अर्ज दाखल झाला होता. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे.

शेवटी एक गोष्ट श्रोत्यांपैकी प्रत्येकाला उद्देशून. संघटना नाही, संप नाही, कामगार न्यायालय नाही, ही बंधने शिपायाने स्वतःच्या सोयीसाठी पत्करलेली नाहीत. आपण रात्री निश्चिंत झोपावे म्हणून समाजाने ती त्याच्यावर घातली आहेत. ज्याच्यासाठी आपण इतर दारे लावून घेतली, त्याच्यासाठी ठेवलेले एक दार तरी अडखळता कामा नये. न्यायाधिकरणातील सदस्यांच्या जागा रिकाम्या राहून खंडपीठांचे काम खोळंबल्याचे प्रसंग घडलेले आहेत. गिरणीत असे झाले तर कामगारांची संघटना मोर्चा काढते. शिपाई मोर्चा काढू शकत नाही. त्याच्या वतीने विचारणा करायची ती तुम्हीआम्हीच, म्हणजे या मंडपात बसलेल्या नागरिकांनी.